एकोडीची मच्छरदाणी समुद्रावर

आधी माझा एक जुना मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचे नवे मूर्खपणे वाचताना तुम्हाला धक्का बसणार नाही.

मी एकोडीला नवी नवरी म्हणून आले तेव्हा माझ्या अंगात हौस आणि घमेंड एवढी ठासून भरली होती की अकलेला बसायला जागाच उरली नव्हती. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी घराच्या साऱ्या भिंती शेणामातीने सारवल्या. वरून छुईचा, म्हणजे आमच्याकडच्या पांढऱ्या मातीचा, हात फिरवला. येणारी-जाणारी बाई उंबऱ्यात थांबून विचारी, "कोणाच्या हातचं वं हे?" आणि मी पदराआड हसून घेई. तेवढ्यात पाठीवर पंप घेतलेले मलेरियावाले आले. त्यांनी घरभर औषध फवारलं, माझ्या भिंतींवर ओघळ पाडले, दारावर गेरूने कसलेसे आकडे लिहिले आणि "आता भिंतीले हात लावू नका बाई" असं बजावून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी सगळ्या भिंती पुन्हा सारवल्या. दारावरचे आकडे पुसले आणि तिथे मोर काढला.

सगळं औषध मातीखाली गाडलं गेलं. मच्छरांना बसायला नवी कोरी भिंत मिळाली. थोड्याच दिवसांत माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे सरूबाई, हिवतापाने तीन गोधड्यांखाली अशा हुडहुडत होत्या की बाजेखाली बसलेली कोंबडी अंडी सोडून पळाली.

तेव्हापासून सरूबाईंनी मला ती भिंत विसरू दिली नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर, "भिंत सारवाले बरी सुचते." मला पोरगी झाली तेव्हा पहिलं वाक्य, "इले तरी सारवू नको हो." आता आम्ही दोघी आज्या झालो, घरं शेजारी-शेजारी आणि अंगण एक, भिंती सिमेंटच्या झाल्या, तरी टोमणा मातीचाच.

एकोडी

गेल्या पावसाळ्यात सरूबाईंना डेंगू झाला. भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. गावातून एवढा पपईच्या पानांचा रस आला की कोणाच्या परसात पपईला पान उरलं नाही. एकाने तर बकरीच दवाखान्यात नेली, ताजं दूध हवं म्हणून. डॉक्टरांनी दोन्ही परत पाठवलं आणि सलाईन लावलं. सरूबाई वाचल्या, पण हाडं दिसायला लागली. त्या दिवसांत मी त्यांच्याशी एकदाही भांडले नाही, एवढ्यावरून काय ते समजा.

धान निघालं, बाईंच्या अंगावर थोडं मांस आलं, आणि सिंगापूरहून त्यांच्या नातीचा, पल्लवीचा, फोन आला. ती तिथे नोकरी करते. म्हणाली, "मोठी आजी, लहान आजी, दोघी या. जहाजाने समुद्रात फिरवून आणतो." मोठी म्हणजे सरूबाई, लहान म्हणजे मी.

सरूबाईंनी गोसेखुर्दच्या धरणापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. फोन झाला त्या संध्याकाळी बघते तर ट्रंकेतलं चांगलं लुगडं काढून उन्हात टाकलेलं.

अडला तो त्यांचा मुलगा रमेश. "आई कोठी जाणार नाही. तिकडं गरम देश, मच्छर लय. डॉक्टर काय बोलले माहीत हाय ना? पहिल्या डेंगूपेक्षा दुसरा जड जाऊ शकते."

सरूबाई म्हणाल्या, "राहू दे मंग." आणि लुगडं उचलून घरात गेल्या. माझ्या जाऊबाई 'राहू दे' म्हणतात हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मला ते अजिबात आवडलं नाही.

मी अंगणात उभी राहून रमेशला म्हटलं, "एक जरी मच्छर तुह्या आईले चावला तर मी या अंगणात पाय ठेवणार नाही."

"काकू, तुम्ही राहाल कोठी मंग?"

"ते मी पाहून घेईन."

असा शब्द देऊन मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "जहाज समुद्रात असताना चिंता नाही. किनाऱ्याला उतराल तेव्हा सांभाळा. पूर्ण अंगभर कपडे, उघड्या अंगाला मलम, दोन-चार तासांनी पुन्हा मलम. आणि हा मच्छर दिवसा चावतो."

"दिवसा? मग रात्री काय करते?"

"झोपत असेल," डॉक्टर म्हणाले. भला माणूस.

नागपूर, मग सिंगापूर

मी तयारी जय्यत केली. मलमाच्या सहा ट्यूबा, मच्छर अगरबत्त्या, माचीस, सुकवलेला कडुलिंबाचा पाला, दोन शेणाच्या गोवऱ्या आणि घरची मच्छरदाणी. गोठ्यात धूर केला की बैल सुखाने झोपतात, मग जहाजात धूर केला तर जाऊबाई का नाही झोपणार, असा माझा हिशेब.

नागपूरच्या विमानतळावर तपासणाऱ्या मुलीने गोवरी दोन बोटांत धरून विचारलं, "माताजी, ये क्या है?"

"धूर करने का है," मी सरळ सांगितलं.

"कहाँ?"

"जहाज में."

यावर जी धावपळ झाली ती मी सांगत नाही. समुद्राचं जहाज आणि हवेतलं जहाज यांतला फरक मी आधी स्पष्ट करायला हवा होता, हे कबूल. गोवऱ्या, पाला, माचीस, अगरबत्त्या सगळं तिथेच राहिलं. मच्छरदाणी आणि मलमाच्या ट्यूबा वाचल्या. सरूबाई पुढे चालता चालता म्हणाल्या, "गाईचं शेण इथवर आणलं, आता भिंत शोध एखादी."

सिंगापुरात पल्लवीचं घर बाराव्या मजल्यावर. आल्या आल्या सरूबाईंना गॅलरीतल्या कुंड्या सुकलेल्या दिसल्या. त्यांनी भरभरून पाणी घातलं, खालच्या ताटल्याही काठोकाठ भरल्या. पल्लवी ऑफिसातून आली आणि किंचाळलीच. "मोठी आजी! ताटलीत पाणी नाही ठेवायचं! इथं घरी येऊन तपासतात. साचलेल्या पाण्यात मच्छरची पोरं सापडली तर दंड होते."

सरूबाई ताटलीकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "बाप्पा! असा कायदा आपल्याकडं आला तर अर्धी एकोडी जेलात जाईन."

"आणि उरलेली अर्धी?" मी विचारलं.

"ते डबे घेऊन भेटाले जाईन."

मला मात्र त्या दिवशी आमच्या विहिरीजवळचा फुटका रांजण, गोठ्यामागचे टायर आणि छपरावर ठेवलेली परात, सगळं डोळ्यांपुढे आलं. आम्ही मच्छर पाळतो हो, नुसतं नाव ठेवायचं बाकी आहे.

जहाजावर

जहाज म्हणजे मला नाव वाटली होती, जरा मोठी. ते तर साकोलीचा आठवडी बाजार एकावर एक रचून ठेवावा तसं निघालं. दुकानं, पोहायचे हौद, नाचणारी माणसं, आणि चोवीस तास जेवण. सरूबाईंनी पहिल्या जेवणाला सगळी टेबलं फिरून पाहिली आणि ताटात फक्त भात घेतला. तोंडात घालून म्हणाल्या, "गिचका झाला. कोणता धान हाय हा?" मग मी पिशवीतून तिळाची चटणी काढली. शेजारच्या टेबलावरच्या एका गोऱ्या म्हाताऱ्याने वास घेतला, चमचाभर मागितली, खाल्ली, आणि बराच वेळ पाणी पीत बसला.

जेवण झाल्यावर आम्ही वरच्या मजल्यावर कठड्याशी गेलो. चहूकडे नुसतं पाणी. मी बाईंकडे बघत होते. त्यांनी पदर कानामागे खोचला, डोळ्यांवर हात धरला, आणि बोलल्या.

"बोडीच हाय वं. फक्त पलीकडचा काठ दिसत नाही." बोडी म्हणजे आमच्याकडचं गावतळं. वर म्हणाल्या, "एवढं पाणी, आणि धानाची एक बांधी नाही. वाया."

पण तिथून त्या तासभर हलल्या नाहीत.

दुपारी झोपायची वेळ झाली तशी मी मच्छरदाणी काढली. पल्लवी सांगत होती, "अवं लहान आजी, खोलीत एसी हाय, खिडकी बंद हाय, समुद्रात मच्छर कोठून येईन?" पण मी शब्द दिला होता. छतात एक पितळी टोक दिसलं, त्याला दोरी बांधणार तोच पल्लवीने माझा हात धरला. ते आग विझवायचं पाण्याचं नळकांडं होतं म्हणे. ओढलं असतं तर खोलीत बोडी झाली असती. मग एक दोरी पडद्याच्या दांडीला, दुसरी टीव्हीला, तिसरी न्हाणीघराच्या कडीला. चौथ्या कोपऱ्याला काही सापडेना. ती मी माझ्या मनगटाला बांधली आणि आम्ही दोघी आत झोपलो.

खोली झाडणारा पोरगा फिलिपिन्सचा, नाव जोएल. त्याने दार ठोठावलं, आम्ही घोरत होतो, तो आत आला. सरूबाई दचकून उठल्या आणि जाळीत गुरफटूनच न्हाणीघराकडे निघाल्या. न्हाणीघराचं दार उघडलं तशी तिसरी दोरी ताणली, टीव्ही डुगडुगला, मी हाताने ओढली गेले, आणि मच्छरदाणीसकट दोघी त्याच्या पायाशी. जाळ्यात दोन रोहू सापडावेत तशा आम्ही. जोएलने टीव्ही धरला, मग आम्हाला सोडवलं, आणि शेवटपर्यंत हसला नाही. बाहेर गेल्यावर जो हसला तो आम्हाला दाराआडून ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी खोलीत आलो तर मच्छरदाणी नीट चार कोपऱ्यांना टांगलेली, आणि आत टॉवेलची दोन माकडं गुंडाळून शेजारी-शेजारी झोपवलेली.

"डावीकडची तू," सरूबाई म्हणाल्या.

पेनांग

जहाज पेनांगला लागलं, म्हणजे मलेशियात. माझ्या लढाईचा दिवस.

सकाळीच मी बाईंना लुगड्यावर रमेशचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, पायात मोजे, मोज्यांवर चप्पल. मग तोंड, मान, हात, सगळीकडे मच्छरचं मलम चोपडलं. स्वतःलाही लावलं. पल्लवीने उन्हाची क्रीम दिली होती, ती वरून लावली. त्यावर चेहरा तेलकट दिसायला लागला म्हणून पावडर थापली. समुद्रापारच्या लोकांसमोर एकोडीची इज्जत राहायला नको?

जहाजातून उतरायच्या रांगेत पल्लवीने आमची तोंडं पाहिली. "लहान आजी, आधी काय लावलं?"

"मच्छरचं मलम. मग उन्हाची क्रीम. मग पावडर."

तिने कपाळाला हात मारला. "उलटं केलं वं! आधी उन्हाची क्रीम, ती सुकली की वरून मच्छरचं मलम. मलम सगळ्यात वर पायजेन. त्यावर एवढे थर दिले तर ते काम कसं करन?"

रांगेत पुढे उभ्या असलेल्या सरूबाई हळूहळू वळल्या. पांढऱ्याफटक तोंडात दोन डोळे चमकत होते.

"पुन्हा सारवलं का वं, कुसुम?"

काय सांगू? मोर तेवढा काढायचा राहिला होता.

आम्ही परत खोलीत गेलो. बाईंचं तोंड, मान, हात धुऊन पल्लवीने सगळं नव्या क्रमाने लावलं. आम्हाला टेकडीवर फिरायला नेणारी बस तेवढ्यात निघून गेली. पल्लवी म्हणाली, "आता तू धू, लहान आजी." मी म्हटलं, "राहू दे. कारली खाऊन खाऊन माझं रक्त कडू झालं हाय. मले मच्छर शिवत नाही." तरुणपणी मी नुसती मूर्ख होते. आता अनुभवी मूर्ख आहे.

बस चुकली म्हणून आम्ही गावातच फिरलो, आणि बरं झालं. जवळच एक गल्ली सापडली तिथे सगळे तमिळ लोक. मोगऱ्याचे गजरे, कुंकू, पितळेची भांडी. एका गाडीवर एक बाई छोट्या कढईत तांदळाची जाळीदार धिरडी करत होती, नारळाच्या दुधातली. सरूबाईंनी एक खाल्लं, दुसरं खाल्लं, आणि खुणेने त्या बाईला विचारलं की तांदूळ किती वेळ भिजवते. तिनेही खुणेने सांगितलं. दोघींना एकमेकींचं अक्षर कळलं नाही, पण पाककृती पूर्ण कळली. निघताना बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने एक धिरडं फुकट दिलं.

मग आम्ही फुलवाल्याकडे गेलो. दुकानापुढे बादल्याच बादल्या, पाण्यात कमळं ठेवलेली. मी बादल्या पाहिल्या. सिंगापूरची ताटली आठवली. पल्लवी पाठमोरी होऊन गजऱ्याचे पैसे देत होती. सरूबाई कमळाचा वास घ्यायला वाकल्या. आणि मला तो दिसला. काळा, पायांवर पांढरे पट्टे, भर दुपारी, सरूबाईंच्या डाव्या गालावर उतरायच्या बेतात.

माझा हात उठला.

त्या थपडेचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा, कारण धिरडीवाली उभी राहून बघायला लागली. कमळ बादलीत पडलं. धाकट्या जावेने थोरल्या जावेच्या थोबाडीत मारली, परक्या देशात, भर बाजारात. आमच्या सासूबाई वर असतील तिथे उठून बसल्या असतील.

"बाई, मच्छर होता!" मी ओरडले.

"दाखव."

मी तळहात पुढे केला. तळहातावर काहीच नव्हतं, कारण घाबरून मी तो आधीच लुगड्याला पुसला होता. लुगडं माझं लाल. लालावर काय दिसणार!

सरूबाई गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "एवढी वर्षं वाट पाहून राहिली होती का वं तू?"

आता इथे खरं सांगते. मच्छर होता, हे मी देवाची शपथ घेऊन सांगीन. पण हात लागायला हवा होता त्यापेक्षा थोडा जोरात लागला, हेही खरं. त्या थोड्या जोराचा हिशेब मी अजून मांडलेला नाही.

परत

उरलेला प्रवास बाईंनी माझ्याशी अबोला धरला. एका खोलीत, एका मच्छरदाणीत, एका पलंगावर अबोला धरणं सोपं नसतं. जेवताना त्या म्हणत, "पल्लवे, तुह्या लहान आजीले सांग, चटणी इकडं सरकव म्हणा." मी पल्लवीला म्हणे, "सांग त्यायले, चटणी संपली." जोएलला काय कळलं कोण जाणे, पण त्या दिवशी टॉवेलची दोन माकडं एकमेकांकडे पाठ करून बसवलेली होती.

मला अबोल्याचं एवढं वाटलं नाही. माझा जीव अडकला होता त्या गालात. मच्छर उतरायच्या बेतात होता, की चावून उठायच्या बेतात?

एकोडीला पोचल्यावर रमेशने आईला खालून वर पाहिलं आणि मला विचारलं, "चावला?"

"नाही," मी म्हटलं, आणि मनात दिवस मोजायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ताप यायचा तर दोन आठवड्यांत येईल, तोवर लक्ष ठेवा. आला तर कुठे गेला होता ते आधी सांगा, मनाने गोळ्या घेऊ नका. आणि इथेही मच्छर चावू देऊ नका, नाहीतर तिकडचा रोग इकडच्या मच्छरांना द्याल. म्हणजे आता मला एकोडीच्या मच्छरांचंही रक्षण करायचं होतं. मी रांजण फोडून भिंतीलगत पुरला, टायर रमेशकडून उचलवले, परात पालथी घातली. रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर घेऊन बाईंच्या दारात उभी. त्या बोलत नसत, पण तोंड उघडत. एकदा त्या शिंकल्या तर मी अंगणातून धावत गेले. मिरच्या कुटत होत्या.

त्याच आठवड्यात ताप आला. मला.

अंग असं मोडून आलं की कोणी धान झोडपल्यासारखं झोडपलंय. डोळ्यांमागे दुखायला लागलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, कागद पाहिला, म्हणाले, "डेंगू आहे. पण साधा आहे, घाबरू नका. भरपूर पाणी, आराम. आणि काकू, तुमच्या कडू रक्ताचं काय झालं?" म्हणजे पल्लवीने फोनवर रमेशला सगळं सांगितलं होतं, आणि रमेशने डॉक्टरांना.

घरी आणून मला निजवलं. डोळे उघडले तर वर मच्छरदाणी, तीच, जहाजावरची, आणि बाहेर सरूबाई. हातात पपईच्या पानांच्या रसाचा पेला. मी म्हटलं, "डॉक्टरांनी याची गरज नाही सांगितलं." त्या म्हणाल्या, "डॉक्टरनं सांगितलं. मी नाही सांगितलं." आणि पाजला. बोलल्या हे माझ्या लक्षात यायला तो कडू घोट घशाखाली उतरावा लागला.

रमेश दाराशी आला. "काकू, तुम्ही शब्द पाळला. आईले एकबी मच्छर चावला नाही. म्हणजे अंगण तुमचंच."

तो गेला. सरूबाई पदराने मला वारा घालत राहिल्या. मग मच्छरदाणीचा काठ गादीखाली खोचत म्हणाल्या, "म्हणजे मच्छर होता तर."

"होता, बाई."

"तुले चावून मंग माह्याकडं आला."

"असंच दिसते."

त्यांनी मच्छरदाणीत हात घालून माझ्या कपाळाला लावला, ताप पाहिला, आणि डावा गाल चोळत बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते.

"थप्पड अजून इथंच हाय, कुसुम. लवकर बरी हो. बिमार माणसाले मारलेलं देवाले चालत नाही."